फीच्या पानासमोर पगाराचंही पान छापा: नर्सिंग कॉलेजांना एका सिस्टरचं खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या खासगी नर्सिंग कॉलेजांचे विश्वस्त, प्राचार्य आणि प्रवेश विभाग यांस,

स. न. वि. वि.

मी सिस्टर आहे. २००९ साली जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, पास झाले, तेव्हापासून ठाण्यातच वॉर्डात आहे. आता फीमेल मेडिकलची इन्चार्ज. तुमच्यापैकी दोन-तीन कॉलेजांच्या मुली पोस्टिंगला आमच्याकडे येतात, त्यामुळे तुमच्या काही मॅडम मला चेहऱ्याने ओळखत असतील. पत्राखाली नाव लिहिलेलं नाही, कारण नोकरीची अजून बरीच वर्षं बाकी आहेत.

निमित्त माझ्या भाचीच्या प्रवेशाचं. भाऊ रबाळे एमआयडीसीत मशीनवर आहे, राहतो दिघ्याला. पोरगी बारावी सायन्स, नर्सिंगची सीईटी दिलेली. एका शनिवारी दुपारी भावाचा फोन आला, "ताई, सीट पक्की केली. बीएस्सी नर्सिंग. आता तुझ्यासारखीच होणार." मी विचारलं, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, की मॅनेजमेंट कोट्यातून? तो गप्प. मग म्हणाला, "ते नाय विचारलं. काउंटरवरच्या बाई बोलल्या, आज टोकन भरा, सोमवारनंतर रेट बदलेल."

रेट म्हणे. कोथिंबिरीच्या जुडीचा असतो तसा.

सोमवारी माझा ऑफ होता. ठाण्याहून पनवेल गाडी पकडली आणि भावाला घेऊन त्या कॉलेजात गेले. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ज्यांचं आहे त्यांना कळेल. काउंटरवर गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक मिळालं. मुखपृष्ठावर हातात दिवे घेतलेल्या मुली, पांढरेशुभ्र कपडे, मागे नाइटिंगेलबाईंचं चित्र. आतल्या पानावर फी. अकरा ओळी होत्या, मी मोजल्या: ट्यूशन, विकास शुल्क, विद्यापीठ शुल्क, लायब्ररी, क्लिनिकल, बस, युनिफॉर्म, हॉस्टेल, मेस, डिपॉझिट आणि 'इतर'. एकेका रुपयाचा हिशेब. मग शेवटचं पान, त्यावर मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के प्लेसमेंट'. त्याखाली आकडा शून्य. म्हणजे आकडाच नाही.

मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं, मागच्या बॅचच्या मुलींना पहिल्या महिन्यात हातात किती पगार पडला? आयसीयूच्या दारात नातेवाईक भेटीच्या वेळेबाहेर आत सोडा म्हणाला की आम्ही जसं बघतो, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ते हॉस्पिटलवर डिपेंड असतं."

बाईंचं बरोबर होतं. पण कुठल्या हॉस्पिटलवर? काउंटरच्या खिडकीतून समोर जी इमारत दिसत होती, त्याच.

मला तुमच्याशी बोलायचंय ते याच मुद्द्यावर. बीएस्सी नर्सिंगचं कॉलेज काढायचं तर इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे किमान १०० खाटांचं पेरेंट हॉस्पिटल लागतं. ट्रस्टचं स्वतःचं, नाहीतर विश्वस्तांपैकी कुणाचं. म्हणजे फी ठरवण्यात ज्यांचा हात, पगार ठरवण्यातही त्यांचाच. इंजिनिअरिंग कॉलेज म्हणू शकतं की कंपन्या पगार देत नाहीत, आम्ही काय करणार. तुम्हाला ते म्हणता येत नाही. चार वर्षं मुलीकडून फी घेणारा ट्रस्ट पाचव्या वर्षी तिच्या हातात नेमणूकपत्र देतो. तिला काय मिळणार हे तुम्हाला ॲडमिशनच्या दिवशीच ठाऊक असतं. मग ते छापत का नाही?

आता हिशेब. मी सोपे आकडे घेते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची फी यापेक्षा जास्त आहे. वर्षाला १ लाख, चार वर्षांचं ४ लाख कर्ज, व्याज १० टक्के. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक साधारणपणे तारण मागत नाही, आईवडिलांना सहकर्जदार करून घेते. कोर्सची चार वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नसतो. भावाला वाटलं, तोवर व्याजही नसणार. व्याज चालूच असतं, सरळव्याजाने. पहिल्या वर्षीच्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चारचं, मग तीन, मग दोन. एकूण १४ वर्षांचं व्याज, दर लाखाला वर्षाचे १० हजार. झाले १ लाख ४० हजार. म्हणजे पहिला हप्ता जायच्या आधीच ४ लाखांचे ५ लाख ४० हजार होतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला ७,१३६ रुपये. शेवटच्या हप्त्यापर्यंत साडेआठ लाखांच्या वर गेलेले.

हे मी कॅन्टीनमधल्या कागदी नॅपकिनवर मांडलं, भाचीला दाखवलं. ती म्हणाली, "आत्या, एवढा तर तुझा पण हप्ता नसेल." नाहीच. माझं शिक्षण सरकारी हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये झालं, जीएनएम तेव्हा साडेतीन वर्षांचं होतं, फी नावापुरती, वर थोडं विद्यावेतन. पहिला पगार झाला तेव्हा आईला साडी घेतली आणि उरलेले पोस्टात टाकले. ती सोय मला होती म्हणूनच मी आज इतक्या मोकळेपणी बोलतेय, हे मी विसरलेले नाही.

हप्ता म्हणजे काय ते मला आमच्या वॉर्डातल्या एका ज्युनियरमुळे कळलं. मुरबाडकडची मुलगी, बाप शेतकरी. तुमच्यासारख्याच एका कॉलेजची बीएस्सी. कागदावर पगार २० हजार. पीएफ वगैरे जाऊन हातात १७,४००. कोपरखैरण्याला रो-हाऊसच्या माळ्यावर चौघीजणी कॉट बेसिसवर राहतात, तिचा वाटा साडेचार हजार. कर्जाचा हप्ता ६,९००. उरले ६ हजार. दिवसाला २००. यात जेवण, ट्रेनचा पास, मोबाइल, आजारपण आणि घरी पाठवायचे ते. गंमत म्हणजे आजारी माणसांची सेवा करणाऱ्या या पोरीला ताप आला की ती आधी सुट्टीचा पगार कापला जाईल का ते विचारते.

पण खरा घोळ तारखेचा. तिचा हप्ता ५ तारखेला कापला जायचा आणि आमचा पगार ८ ते १२ च्या दरम्यान कधीतरी व्हायचा. खात्यात पैसे नसले की हप्ता परत, त्याचा दंड, दंडावर जीएसटी. नाइटच्या हँडओव्हरला सकाळी साडेसातला ती माझ्यासमोर उभी, एका हातात रिपोर्ट बुक, दुसऱ्या हातात मोबाइल. पेशंटचं बीपी सांगता सांगता मेसेज आला आणि तिचा आवाज बसला. तीन नंबरच्या आजींचं बीपी तिने दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा वेगळं. मी स्वतः जाऊन परत मोजलं. त्या दिवशी तिला दोन हजार दिले आणि बँकेत हप्त्याची तारीख १५ करून घे म्हणून सांगितलं. बँकेने केलीही. एवढी साधी गोष्ट तिला चार वर्षांत कुणी सांगितली नव्हती. कर्ज काढताना कॉलेजच्या लॉबीत मात्र बँकेचं टेबल होतं, फुगे लावून.

तुमच्या त्या टेबलावर काय सांगत नाहीत तेही लिहिते. कोर्स चालू असतानाच दर महिन्याचं व्याज भरत गेलं तर ते साठत नाही. पहिल्या वर्षी १ लाखावर महिन्याला ८३३ रुपये. माझा भाऊ ओव्हरटाइम करून तेवढे भरू शकतो. चौथ्या वर्षी ते ३,३३३ होतात, तिथे ओढाताण होणार. पण व्याज नीट भरलं तर शेवटी कर्ज ४ लाखच राहतं आणि हप्ता ७,१३६ च्या ऐवजी ५,२८६ येतो. व्याज असं वेळेवर भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूटही देतात, पण मागावी लागते. टेबलावर सांगतात काय, तर व्याजावर आयकरात सवलत मिळते. १७ हजार पगारावर आयकर कुठून आणायचा?

आता तुमची बाजू. कॉलेज चालवायला खर्च येतो हे मला मान्य आहे. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक ठेवायचा, लॅब, सरावाचे पुतळे, बस, कौन्सिलची तपासणी. आणि बीएस्सी वाया जाते असंही मी म्हणत नाही. पुढे एमएस्सी करायची, ट्यूटर व्हायचं, परदेशी जायचं तर बीएस्सीचा उपयोग होतोच. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बीएस्सीवाली थेट बसते, जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पण वॉर्डात? आमच्याकडे तीन वर्षांची जीएनएम आणि चार वर्षांची बीएस्सी एकाच ड्युटी लिस्टवर, एकाच नाइटला, जवळपास एकाच पगारावर असतात. राज्य सरकारच्या स्टाफ नर्सच्या जागांनाही दोघी चालतात. बीएस्सीचं जास्तीचं एक वर्ष आणि जास्तीची फी ज्या पगारातून भरून निघायची, तो पगार जास्त नसेल तर घरच्यांना तसं सांगायला हवं. 'डिग्री आहे हो, डिप्लोमा नाही' एवढं बोलून भागत नाही.

पगार किती असावा याचं उत्तर मी मनाने देत नाही. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीच्या शिफारशी अशा: २०० हून जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलात नर्सला राज्य सरकारच्या बरोबरीने पगार. १०० हून जास्त खाटा असतील तर सरकारीपेक्षा फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी. आणि ५० च्या आत असेल तरी २० हजारांच्या खाली नाही. शिफारशीच आहेत, कायदा नाही, हे तुमचे वकील सांगतील. पण पेरेंट हॉस्पिटलच्या खाटा कौन्सिलला तुम्हीच मोजून दाखवता. मग त्याच खाटांवर पगाराचीही मोजणी होऊ दे.

महाराष्ट्रात सरकारी स्टाफ नर्सचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ३५,४०० पासून सुरू होतं, महागाई आणि घरभाडं वेगळं. भत्ते सोडून द्या, नुसतं मूळ वेतन घ्या. त्यात १० टक्के कमी म्हणजे ३१,८६०. आणि माझ्या डोळ्यांसमोरच्या पोरीला मिळतात १७,४००. माझा एक ठोकताळा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही: हप्ता हातातल्या पगाराच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये, कारण इथे भाडंच एक चतुर्थांश खातं. १८ हजार धरले तरी पाचवा हिस्सा ३,६००. उलटा हिशेब केला तर एवढ्या हप्त्यात चार वर्षांचं मिळून दोनेक लाख कर्ज बसतं, म्हणजे वर्षाला ५० हजार. ३१,८६० पगार असेल तर वर्षाला ८५-९० हजारही झेपतील. तुम्ही फी लाख-सव्वा लाख ठेवता आणि पगार १८ हजार. या दोन आकड्यांत काहीतरी एक चुकीचं आहे, आणि कुठलं ते मी तुमच्यावर सोडते.

आता कोट्याची गोष्ट, जिच्यामुळे मी खरी चिडले. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ज्या मुलींच्या कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि ज्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत मोडतात, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच महत्त्वाची: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठांना आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही ती लागू नाही, आणि नवी मुंबईत नेरूळपासून कामोठ्यापर्यंत अभिमत विद्यापीठं किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. आम्ही आगरी, ओबीसी. भावाचं उत्पन्न ८ लाखांच्या कितीतरी खाली. नॉन क्रीमी लेयरचा दाखला सेतू केंद्रात अडकलेला होता, एवढंच. कॅपची पहिली यादी लागायची होती. आणि तुमच्या काउंटरवर त्याला सांगितलं गेलं, "कॅपची वाट बघत बसलात तर इथलीही जाईल."

म्हणजे जिची ट्यूशन फी सरकार भरू शकलं असतं, तिला आठवडाभर थांबा म्हणायच्या ऐवजी तिच्या बापाला कर्जाच्या टेबलाकडे पाठवलं. काउंटरवरच्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांना टार्गेट असणार. पण ते टार्गेट कुणीतरी ठरवलं असेल ना.

परदेशाचं थोडक्यात लिहिते, कारण तुमच्या पत्रकात जर्मनीचा झेंडाही आहे. जातात मुली, चांगलं कमावतात, माझ्या दोन मैत्रिणी आखातात आहेत. पण जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर भाषेची बी-टू पातळी लागते, ती वॉर्डातल्या आठ तासांच्या ड्युटीनंतर शिकायची असते, आणि तोवर हप्ता इथल्याच पगारातून जातो.

माझं मागणं मोठं नाही. फीच्या पानासमोरच्या पानावर मागच्या दोन बॅचचा पगार छापा. 'पॅकेज' नको, 'अप टू' नको. किती मुली पास झाल्या, किती जणींना तुमच्याच हॉस्पिटलात घेतलं, पहिल्या महिन्यात हातात किती पडले, एका वर्षाने त्यातल्या किती अजून तिथेच आहेत. त्याखाली तुमच्या फीवर येणारा हप्ता. बॉण्ड असेल तर तोही तिथेच, किती वर्षांचा आणि मोडला तर किती भरायचे. मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेत असाल तर तेही लिहा, म्हणजे ठेवायची लाज तरी वाटेल. शुल्क नियामक प्राधिकरणाने तुमची फी किती ठरवलीय तो आकडा काउंटरच्या काचेवर लावा, तुमच्या अकरा ओळींच्या बेरजेशेजारी. आणि कॅपची यादी लागेपर्यंत मॅनेजमेंट कोट्याचं टोकन मागू नका. निदान समोरच्याला शुल्कमाफीचं एक वाक्य आधी सांगा, मग मागा.

प्राचार्य मॅडमना एक वेगळं सांगते. तुमच्यातल्या कित्येकजणी माझ्यासारख्याच बेडपॅन उचलून वर आलेल्या आहेत. १२ मेला तुम्ही नव्या मुलींना दिवे देऊन शपथ घ्यायला लावता, समोर आईवडील डोळे पुसत बसलेले असतात. यंदा त्या कार्यक्रमात मागच्या बॅचच्या एका मुलीला पाच मिनिटं द्या आणि तिला तिची पगाराची स्लिप वाचून दाखवू दे. ट्रस्टी पहिल्या रांगेत असतातच.

भाची अजून नर्सिंगच म्हणतेय. मी तिला अडवलेलं नाही, अडवणारही नाही. दाखला परवा मिळाला. कॅपच्या पसंतीक्रमात तिने आधी सरकारी कॉलेजं टाकलीत, मग शुल्कमाफी लागू होते अशी खासगी. ठाण्याबाहेर लागलं तर हॉस्टेलचा खर्च वाढेल, तेवढा मी उचलीन असं भावाला सांगितलंय. त्याला अजून वाटतंय की हातातली सीट सोडून आपण वेडेपणा करतोय.

आपली,
एक सिस्टर, कळवा

ता. क. भावाने भरलेल्या २५ हजारांच्या टोकनची पावती साध्या कागदावर आहे. त्यावर 'ॲडव्हान्स' एवढंच लिहिलंय, कशाचा ते नाही, शिक्काही नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा अकाउंटवाले जेवायला गेले होते. येत्या मंगळवारी माझा ऑफ आहे. सकाळी दहाला त्याच काउंटरवर येते, जेवणाच्या आधी.